वाद जिभेचा, धोका हवेचा

मार्च २०२० मध्ये देशातल्या बहुतेक कॅथलिक चर्चमध्ये तीन बदल पाठोपाठ झाले. दारातल्या आशीर्वादित पाण्याच्या कुंड्या रिकाम्या झाल्या. मिस्सेत शांतीचे चिन्ह म्हणून हातात हात दिला जाई, त्याच्या जागी लांबून नमस्कार आला. ख्रिस्तप्रसाद जिभेवर ठेवण्याऐवजी तळहातावर देण्याची सूचना निघाली. मग टाळेबंदी आली आणि चर्चची दारेच बंद झाली.

दारे पुन्हा उघडली तेव्हा सर्वांत जास्त शाई आणि सर्वांत जास्त राग तिसऱ्या बदलावर खर्च झाला. जिभेवर घ्यायचे की हातावर, यावर पत्रके निघाली आणि घराघरांत भांडणे झाली. पण श्वसनाच्या आजारांबद्दल हाती आलेला पुरावा एकत्र मांडला, तर या वादाचा क्रमांक बराच खाली लागतो. बंद छताखाली किती माणसे, किती वेळ, किती मोठ्याने गातात आणि खिडक्या उघड्या आहेत का, हे प्रश्न त्याच्या वर येतात. उपासनेतून आजार पसरू नये यासाठी इतिहासात काय केले गेले, विज्ञान काय सांगते, चर्चचा कायदा कुठवर मोकळीक देतो आणि आदिलाबादसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात यातले काय लागू पडते, याचा हा आढावा.

पैनगंगेच्या पलीकडचे चर्च

पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र संपतो आणि तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा लागतो. जैनथ, बेला, तामसी या मंडलांत मराठी आजही घरात बोलली जाते. इथले कॅथलिक संख्येने थोडे आहेत. पण त्यांच्या चर्चची नाळही महाराष्ट्राशी जोडलेली आहे. आदिलाबाद धर्मप्रांत १९९९ मध्ये चांदा धर्मप्रांतातून वेगळा झाला. चांद्याची गादी बल्लारपूरला, आदिलाबादची मंचेरियालला. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि मंचेरियाल वेगळ्या जिल्ह्यात गेले, पण धर्मप्रांताचे नाव आदिलाबादच राहिले.

हे दोन्ही धर्मप्रांत सिरो-मलबार चर्चचे आहेत. मुंबई, वसई, गोव्याचा कॅथलिक लॅटिन विधीतला. केरळातून आलेल्या धर्मगुरूंनी इथे रुजवलेला विधी पूर्वेकडचा. आजाराच्या प्रश्नाला हा फरक लागू पडतो. लॅटिन मिस्सेत शांतीचे चिन्ह म्हणजे बहुधा हस्तांदोलन. सिरो-मलबार कुर्बानात, म्हणजे त्यांच्या मिस्सेत, शांती वेदीपासून निघते आणि जोडलेल्या हातांना जोडलेले हात लावत ती रांगेरांगेने शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते. प्रतीक म्हणून हे सुंदर आहे. साथीच्या डॉक्टरला मात्र त्यात एक अखंड साखळी दिसेल. ख्रिस्तप्रसाद द्राक्षरसात बुडवून थेट जिभेवर देण्याची पद्धतही या विधीत अनेक ठिकाणी आहे. शिवाय या चर्चचा स्वतःचा सिनड आहे. रोमहून लॅटिन विधीसाठी निघालेली प्रत्येक सूचना इथे जशीच्या तशी लागू होत नाही. ती आपल्या विधीत बसवून घ्यावी लागते.

दुसरा फरक आरोग्याचा. जिल्ह्याचा मोठा भाग आदिवासी आहे. उटनूरच्या आसपास गोंड, कोलाम, परधान यांची वस्ती. पावसाळा लागला की मलेरिया, डेंग्यू, अतिसार आणि साध्या तापाच्या साथी दरवर्षीच्या. क्षयरोगाचा जगातला सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे, आणि गरिबी, कुपोषण, कोंदट घरे जिथे आहेत तिथे तो ठाण मांडतो. गोंड-परधान समाजात सिकलसेलचे रुग्णही आढळतात. अशा माणसाला साधा न्यूमोनियाही जिवावर बेततो. आदिलाबाद शहरात रिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, पण आतल्या पाड्यावरून तिथवर पोहोचणे हा एक वेगळाच प्रवास असतो. म्हणून इथे ‘उपासनेतला आजार’ म्हणजे एकटा कोरोना नव्हे.

जुन्या साथी, जुने धडे

साथीत उपासना कशी करावी, हा प्रश्न चर्चला नवा नाही. १५७६ मध्ये मिलानमध्ये प्लेग आला तेव्हा तिथले आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी रस्त्यांच्या तिठ्या-चौकांत वेद्या उभारायला लावल्या. घरात कोंडलेली माणसे खिडकीतून मिस्सा ऐकत. त्याच बोरोमिओंनी प्लेगच्या दिवसांत अनवाणी मिरवणुकाही काढल्या, ज्या आजच्या नजरेला धोक्याच्या वाटतात. एकाच माणसाने साथीला आवर घालणारे आणि साथीला वाट देणारे, दोन्ही निर्णय पूर्ण श्रद्धेने घेतले. नंतर संत झालेल्या माणसाचेही सगळे उपाय आरोग्याच्या कसोटीला उतरतात असे नाही, हे यातून घ्यायचे.

आपल्याकडे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वांद्रे, गिरगाव, माझगावच्या गल्ल्यांत त्या काळात उभारलेले क्रूस अजून दिसतात. काहींवर प्लेगच्या वर्षांचे आकडे आहेत. अशा क्रुसांपुढे वाडीतली माणसे जमून माळेची प्रार्थना आणि लदाईन म्हणत आली. त्यामागे नवस होता, भीती होती. पण ही प्रार्थना उघड्यावर, थोड्या शेजाऱ्यांत होत असे. संसर्गशास्त्राने पुढे जे सांगितले, ते या प्रथेत नकळत आलेले होते. त्या प्लेगपायी १८९७ मध्ये केलेला साथरोग कायदाच २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढावा लागला.

गोव्याची कथा आणखी मागची. एकेकाळी युरोपातल्या शहरांशी तुलना होणारे जुने गोवे कॉलरा आणि तापाच्या साथींनी ओस पडत गेले. व्हाइसरॉयनी १७५९ मध्ये मुक्काम हलवला आणि १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. चर्च मागे राहिली, माणसे गेली. तिथल्या बॉम जेझस बॅसिलिकातले संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आज काचेच्या पेटीत आहेत. त्यांच्या पायांचे थेट चुंबन घेण्याचे दिवस मागे पडले, म्हणून भक्ती आटली असे कोणी म्हणत नाही. २०२४-२५ च्या दर्शनसोहळ्याला लाखोंनी माणसे आली.

उलट उदाहरण स्पेनमधल्या झामोरा शहराचे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात आरोग्य अधिकाऱ्यांनी गर्दी टाळायला सांगितले असताना तिथले बिशप अल्वारो इ बाल्यानो यांनी संत रोक यांच्या नावाने नऊ दिवसांचा नोव्हेना ठेवला. रोज संध्याकाळी चर्च भरे आणि लोक रांगेने अवशेषांचे चुंबन घेत. त्या साथीत झामोराचा मृत्युदर स्पेनमधल्या कोणत्याही शहराहून जास्त राहिला. नोव्हेनाच एकटा कारण होता असे सिद्ध करता येणार नाही. पण बंद जागेतली गर्दी आणि एकाच वस्तूवर शेकडो ओठ, सलग नऊ संध्याकाळी, यापेक्षा रोगाच्या सोयीची व्यवस्था कोणी ठरवूनही केली नसती.

अलीकडे फिलिपिन्समधल्या मनिलाने दुसरी वाट दाखवली. कियापोच्या ‘काळ्या नाझरेन’ मूर्तीचे चुंबन घेण्यासाठी जानेवारीत तिथे अफाट गर्दी उसळते. २०२१ पासून तीन वर्षे मुख्य मिरवणूक थांबवली गेली आणि चुंबनाऐवजी दर्शनावर भर दिला गेला. मिरवणूक २०२४ मध्ये परत आली. फ्रान्समध्ये लूर्दची स्नानकुंडे बंद झाली, तेव्हा पूर्ण बुडी घेण्याऐवजी झऱ्याच्या पाण्याने हात आणि चेहरा धुण्याचा विधी सुरू झाला. आषाढी वारीच्या २०२० सालच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, हे आपण पाहिलेच आहे. प्रथा थांबवता येते, वाकवता येते आणि ती परतही येते.

चार वाटा

चर्चमध्ये आजार चार वाटांनी जातो: हवेतून, हातांतून, तोंडातून आणि पाण्या-अन्नातून. या चारही वाटा सारख्या रुंद नाहीत.

हवेची वाट सर्वांत रुंद. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यात एका गायकवृंदाने चर्चच्या सभागृहात अडीच तास सराव केला. ६१ जण होते. त्यांच्यातले ५३ जण आजारी पडले, त्यांत ३३ चाचणीने निश्चित झालेले, दोघे दगावले. हस्तांदोलन त्यांनी टाळले होते, दारात सॅनिटायझर होता. तोंडातून सुटणारे सूक्ष्म थेंब गाताना बोलण्यापेक्षा जास्त सुटतात आणि बंद खोलीत तरंगत राहतात. वेदीपाशी धूप जाळला की काही मिनिटांत त्याचा वास शेवटच्या बाकापर्यंत जातो. श्वासही तसाच जातो, फक्त तो दिसत नाही आणि त्याला वास नसतो. क्षय, गोवर, कांजिण्या हे हवेतूनच जाणारे आजार. गोवराचे विषाणू माणूस निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतात.

यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे. पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत, खिडक्या उघडल्यावर, हवा ज्या वेगाने बदलत होती तो वेग नव्या यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाला, आणि क्षयाचा अंदाजित धोका त्या प्रमाणात कमी. म्हणजे वसई-गोव्याच्या जुन्या चर्चची बांधणी, उंच छत आणि समोरासमोरची दारे, आरोग्याच्या दृष्टीनेही शहाणी होती. वातानुकूलनासाठी खिडक्या सील केलेले नवे चर्च त्या मानाने मागे गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेला मापदंड दर माणशी सेकंदाला दहा लिटर ताज्या हवेचा आहे. लहान चर्चला तो मोजायचा असेल, तर कार्बन डायऑक्साइड मोजणारे हातात मावणारे यंत्र पुरते. भरल्या मिस्सेत आकडा हजार पीपीएमवर गेला की एकमेकांचाच श्वास फिरतो आहे असे समजावे.

आदिलाबादेत इथेच खरी गोची आहे. डिसेंबरात या जिल्ह्यात पारा एक आकडी उतरतो, आणि नाताळच्या रात्रीच्या मिस्सेला वर्षातली सर्वांत मोठी गर्दी सर्वांत घट्ट बंद दारांमागे बसते. मे महिन्यात झळा लागतात म्हणून खिडक्या लावल्या जातात. पावसाळ्यात झड आत येते म्हणून. खिडकी उघडी राहावी असे वाटत असेल, तर भिंतीवर वरच्या बाजूला झरोके हवेत, ज्यांतून हवा जाईल पण पाऊस आणि थंडीचा झोत अंगावर येणार नाही. नाताळची एक मोठी मिस्सा फोडून दोन केल्या आणि त्यातली एक दिवसा ठेवली तरी निम्मे काम होते.

हातांची वाट त्यापेक्षा अरुंद, पण बंद नाही. पृष्ठभागाला हात लागून कोरोना होण्याची शक्यता अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये दर स्पर्शाला साधारण दहा हजारांत एकाहून कमी सांगितली. तोवर जगभर बाके, कठडे, मूर्ती औषधाने पुसण्यात माणसांचे तास गेले होते. कित्येक ठिकाणी खिडक्या मात्र बंदच होत्या. अतिसाराची गोष्ट वेगळी. नोरोव्हायरससारख्या जंतूंवर सॅनिटायझरचा भरवसा नाही, तिथे साबण-पाणीच लागते. मिस्सेत धर्मगुरूच्या हातांवर पाणी घालण्याचा जो विधी आहे तो आतल्या शुद्धीचा आहे. दोन चमचे पाण्याने बोटे स्वच्छ होत नाहीत. वेदीवर जाण्याआधी साबणाने हात धुणे हे विधीच्या पुस्तकात नसलेले, पण प्रत्येक धर्मगुरूने आणि प्रसाद वाटणाऱ्याने पाळायचे कलम आहे.

तोंडाची वाट म्हणजे वादाचे घर. एकाच चषकातून अनेकांनी पिणे शंभर वर्षांहून जास्त काळ संशयाखाली आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच छोटे वेगवेगळे पेले आणले. तरीही चषकामुळे साथ पसरल्याचे एकही नोंदलेले उदाहरण नाही, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या तज्ज्ञांनी १९९८ मध्ये लिहिले. न्यू जर्सीत ६८१ जणांच्या पाहणीत रोज ख्रिस्तप्रसाद घेणारे इतरांपेक्षा जास्त आजारी पडताना दिसले नाहीत. याचा अर्थ चषक निर्धोक असा नाही. द्राक्षरसातल्या दहा-पंधरा टक्के अल्कोहोलने जंतू मरत नाहीत. सॅनिटायझरमध्ये ते साठ टक्क्यांच्या वर असते. कड पुसल्याने जंतू कमी होतात, संपत नाहीत. बुडवून देण्याची पद्धत जास्त सुरक्षित, हाही समज डळमळीत आहे. बोट चुकून रसात बुडाले की धोका चषकाकडे परत येतो.

हात की जीभ? जिभेवर ठेवताना बोटाला लाळ लागू शकते आणि तेच बोट पुढच्याच्या तोंडापाशी जाते. हातावर घेताना घेणाऱ्याचा स्वतःचा, बाकाला आणि नोटेला लागलेला हात तोंडाशी जातो. मार्च २०२० च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पोर्टलंड धर्मप्रांताने डॉक्टरांचा सल्ला घेऊन दोन्हींचा धोका साधारण सारखाच असल्याचे म्हटले होते. बाकी बहुतेक बिशपांनी साथीपुरता हात निवडला. लाळेतून जाणारा श्वसनाचा आजार फिरत असताना हाताची निवड सावधगिरीची आहे. ती नीट पार पडायची असेल, तर घेणाऱ्याने आधी हात धुतलेले हवेत. तेवढे केले तर उरलेला वाद भक्तीच्या रीतीचा आहे, आरोग्याचा नव्हे.

तोंडाच्या वाटेवर खरा धडा अमेरिकेतल्या फार्गो धर्मप्रांताने दिला. ऑक्टोबर २०१३ मध्ये बिशप जॉन फोल्डा यांना हेपटायटिस-ए झाल्याचे जाहीर झाले. ज्या चर्चमध्ये त्यांनी ख्रिस्तप्रसाद दिला होता तिथल्या भाविकांना आरोग्य खात्यामार्फत ठिकाण आणि तारखांसह जाहीर सूचना दिली गेली. बिशपचा आजार लपवला गेला नाही, म्हणून लोकांना वेळेत डॉक्टरकडे जाता आले. हाच आजार आपल्याकडे दूषित पाण्यातून गावेच्या गावे धरतो. आपल्याकडे किती ठिकाणी वेदीवरच्या माणसाची कावीळ अशी उघड सांगितली जाईल, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

पाण्याची वाट सर्वांत दुर्लक्षित. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ऑस्ट्रियातले २१ पवित्र झरे आणि १८ चर्चमधल्या कुंड्या तपासल्या. फक्त चौदा टक्के झऱ्यांत विष्ठेचा अंश नव्हता. कुंड्यांत एका मिलिलिटरला जास्तीत जास्त सहा कोटी वीस लाख जिवाणू सापडले, आणि जितके वर्दळीचे चर्च तितके पाणी घाण. उपाय आहेत: कुंडी दर आठवड्याला घासून पाणी बदलणे, किंवा बंद भांड्यातून थेंब सोडणे. २००९ च्या स्वाइन फ्लूत इटलीत हात खाली धरला की थेंब सोडणारे यंत्रच निघाले. जुन्या रीतीप्रमाणे पाण्यात मीठ घातल्याने वाढ थोडी मंदावते, निर्जंतुकता येत नाही.

आदिलाबादेत या वाटेला एक जादा फाटा आहे. आतल्या गावांत रोज मिस्सा होत नाही. फादर येतील तेव्हा प्रार्थनाघर उघडते. मधल्या दिवसांत कुंडीतले आणि फुलदाणीतले पाणी साचून राहते. डेंग्यूचा डास अशाच लहान भांड्यांत वाढतो आणि अंड्यापासून उडण्याइतका व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. जून ते नोव्हेंबर प्रत्येक मिस्सेनंतर कुंडी पालथी घालून ठेवणे, एवढ्याने काम भागते. सणाच्या जेवणासाठी साठवलेले पाणी उकळलेले किंवा क्लोरिन घातलेले असणे ही त्याच्याच पुढची पायरी. उघड्यावरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेतही मच्छरांचा धोका राहतोच. हवेचा आजार टाळताना मलेरिया ओढवून घ्यायचा नसेल, तर ती उन्हे उतरण्याआधी आटोपलेली बरी.

सरकारचे नियम, चर्चचे नियम

केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ४ जून २०२० रोजी प्रार्थनास्थळांसाठी कार्यपद्धती काढली. सहा फूट अंतर, मूर्ती आणि पवित्र ग्रंथांना हात लावू नये, प्रसाद वाटू नये, पवित्र पाणी शिंपडू नये, सामूहिक बैठकीची चटई टाळून प्रत्येकाने आपली आणावी, समूहगायन टाळून ध्वनिमुद्रित भक्तिगीते लावावीत. ८ जूनपासून तेलंगणातली प्रार्थनास्थळे उघडली. नदीच्या अलीकडे महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याच्या दिवशी उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेला परत उघडली. एकाच पैनगंगेच्या दोन काठांवर कित्येक महिने दोन वेगळे नियम होते. पुढच्या साथीसाठी सीमेवरच्या जिल्ह्यांचे एकत्र नियोजन हवे, ही या अनुभवातून निघणारी साधी मागणी आहे.

केंद्राच्या त्या नियमावलीतला समूहगायनाचा नियम पुराव्याच्या कसोटीवर सर्वांत पक्का निघाला. पवित्र ग्रंथाला हात न लावण्याचा सर्वांत कच्चा. पण खिडक्या उघडा आणि जमेल तिथे उपासना अंगणात घ्या, हे त्या वेळी जितक्या जोरात सांगायला हवे होते तितके कोणीच सांगितले नाही.

चर्चच्या बाजूने मोकळीक लोकांना वाटते त्याहून बरीच मोठी आहे. आजारी माणसाला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याला रविवारच्या मिस्सेचे बंधन नाही. हे कॅथलिक धर्मशिक्षणात स्पष्ट आहे. फक्त भाकरीच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेतला तरी तो पूर्णच असतो, हीही चर्चची जुनी शिकवण आहे. म्हणून चषक थांबवल्याने कोणाचे काही हिरावले जात नाही. रुग्णाला तैलाभ्यंग करताना गंभीर कारण असेल तर बोटाऐवजी साधन वापरायला लॅटिन चर्चचा कायदा परवानगी देतो. मार्च २०२० मध्ये रोमने पाय धुण्याचा विधी वगळायला आणि गुड फ्रायडेला क्रुसाचे चुंबन फक्त धर्मगुरूपुरते ठेवायला सांगितले. २०२१ च्या राखेच्या बुधवारी कपाळावर बोट न टेकवता डोक्यावर राख टाकण्याची सूचना आली. पापनिवेदनाची कोंदट पेटी सोडून मोकळ्या जागेत बसण्यालाही आडकाठी नव्हती. अंतर मात्र असे हवे की तिसऱ्याला शब्द ऐकू जाऊ नये.

जिभेवर घेणाऱ्यांचा आक्षेप इथे प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. लॅटिन चर्चच्या २००४ च्या सूचनेत जिभेवर घेण्याचा भाविकाचा हक्क मान्य केला आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या जिभेवर घेतलेल्या माणसाला हात पुढे करणे अनादराचे वाटते. त्याला अडाणी म्हणणे चूक. अशांना रांगेच्या शेवटी येऊ द्यावे आणि प्रत्येकानंतर बोटे स्वच्छ करावीत, अशी तडजोड आरोग्याला बाध आणत नाही. पण हाच माणूस ताप अंगात घेऊन रांगेत उभा असेल, तर त्याचा हक्क आणि शेजाऱ्याचा जीव यांत निवड करायला चर्चने लाजू नये.

उरले काय

साथ ओसरली तशा सवयी परत आल्या. शांतीसाठी हात पुन्हा हातांना लागले, कुंड्या भरल्या, मुखपट्ट्या सुटल्या. त्यात गैर काही नाही. प्रत्येक उपाय कायमचा ठेवायचा नसतो. दुःख याचे आहे की जे कायमचे राहायला हवे होते तेही गेले. खोकणाऱ्याने घरी थांबावे, ही शिकवण गेली. दुसऱ्या लाटेत देशभर शेकडो फादर आणि सिस्टर दगावल्या. रुग्णांपाशी, अंत्यविधीला, मेळाव्यांत ते होते. एप्रिल २०२१ मध्ये मुन्नारला दक्षिण भारतातल्या एका प्रोटेस्टंट चर्चच्या धर्मगुरूंचे शिबिर झाले, त्यातून शंभराच्या वर जण बाधित झाले आणि काही मृत्युमुखी पडले. बंद सभागृहातली धर्मगुरूंचीच बैठक हाही धोक्याच्या यादीतला विषय आहे, हे आजही कमी बोलले जाते.

दुसरीकडे, भीतीपोटी माणसे दूर सारण्याचाही धोका आहे. कुष्ठरोग शेजारी बसल्याने किंवा हात मिळवल्याने होत नाही, आणि उपचार सुरू झाला की लवकरच तो संसर्गजन्य राहत नाही. क्षयाचा रुग्ण परिणामकारक औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत इतरांना फारसा धोकादायक उरत नाही. त्यालाही परत रांगेत जागा हवी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तपासणी करून घ्या, हे वाक्य मिस्सेच्या शेवटी होणाऱ्या सूचनांत महिन्यातून एकदा आले तर सरकारच्या क्षयमुक्ती मोहिमेला याहून स्वस्त मदत होणार नाही. माणसे आहेत, संस्थाही आहेत: डॉक्टर सिस्टर मेरी ग्लोरी यांनी १९४३ मध्ये सुरू केलेल्या कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडियाचे मुख्यालय सिकंदराबादेत, म्हणजे याच राज्यात आहे. चर्चच्या दवाखान्यातल्या सिस्टरने वर्षातून एकदा प्रत्येक प्रार्थनाघराची हवा आणि पाणी तपासावे, एवढी व्यवस्था बाहेरून काहीही न मागता उभी राहू शकते.

सगळ्याचा निष्कर्ष असा. आधी हवा, मग आजारी माणसाचा मुक्काम, मग साबण आणि पाणी, आणि सर्वांत शेवटी जीभ की हात, या क्रमाने पैसा आणि लक्ष खर्च व्हावे. गेल्या साथीत हा क्रम बहुतांशी उलटा झाला. आदिलाबादच्या आणि सीमेअलीकडच्या चांदा धर्मप्रांतातल्या प्रत्येक पॅरिशने येत्या नाताळाआधी तीन गोष्टी कराव्यात: भिंतीत झरोके पाडावेत, रात्रीची गर्दी दोन मिस्सांत वाटावी आणि तापाने घरी थांबलेल्याच्या दारी ख्रिस्तप्रसाद घेऊन कोण जाईल त्याचे नाव सूचनाफलकावर लावावे. भाविकाच्या वाट्याला एकच काम येते. ताप-खोकला असेल तर त्या रविवारी घरी थांबा. चर्च तुम्हाला त्याबद्दल पापी म्हणत नाही.